संमेलनाच्या मांडवात चित्रांसाठी एक भिंत द्या
सीमाभागातल्या ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांच्या आयोजकांना खुलं पत्र

आदरणीय आयोजक मंडळी,
सप्रेम नमस्कार.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी, कारदगा आणि आसपासच्या ज्या ज्या गावांत थंडीच्या दिवसांत मराठी साहित्य संमेलनाचा मांडव पडतो, त्या सगळ्या गावांतल्या संयोजकांना हे पत्र आहे. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात चित्रकलेच्या पदवीचं शिक्षण घेते. मागणी आधीच सांगून टाकते. यंदाच्या संमेलनात पुस्तकांच्या दालनाशेजारी चित्रांसाठी एक भिंत द्या, आणि त्या भिंतीवरच्या चित्रांत कन्नड अक्षरं असली तर ती उतरवायला सांगू नका.

दुसरी मागणी तुम्हाला जड जाणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या हिवाळ्यात एका गावच्या संमेलनात माझी काही चित्रं पुस्तकांच्या टेबलांमागं कनातीला लावली होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हे दुसऱ्या कुठल्याही गावात घडू शकलं असतं. ग्रंथदिंडी मांडवात यायच्या आधी समितीतले एक ज्येष्ठ आले. चित्रांसमोर बराच वेळ थांबले. मग त्यातलं एक चित्र काढून ठेवायला त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. "बाळ, बाकी सगळं छान आहे, पण हे कानडी इथं नको. उद्या पेपरात फोटो आला तर आम्ही लोकांना काय सांगायचं?" मी चित्र उतरवून ठेवलं.

त्या चित्रातला मजकूर मराठी होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठी. फक्त लिपी कन्नड होती, कारण तो माझ्या आईच्या हातचा होता.

आईचं माहेर बैलहोंगल तालुक्यातलं. घरात मराठी, गावात कानडी, आणि गावात शाळा एकच, ती कानडी माध्यमाची. लग्न होऊन ती आमच्या गावात आली तेव्हा तिला मराठी बोलता येत होतं, बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षर मात्र ओळखता येत नव्हतं. आजही ती मराठी लिहिते ती कन्नड लिपीत. किराणा मालाची यादी, भिशीचा हिशेब, गॅसची टाकी कधी लावली ती तारीख, माझ्या डब्यात ठेवलेली चिठ्ठी, सगळं मराठीत आणि सगळं कन्नड अक्षरांत. बाबांचं कन्नड वाचन बसच्या पाटीपुरतं. त्यामुळं यादी घेऊन दुकानात जायचं काम लहानपणापासून माझ्याकडं आलं. दुकानदारही मराठी शाळेतला, म्हणून मी ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. एका हातातलं दुसऱ्या हातात न्यायचं हे काम मी असं शिकले, आणि त्यात एकही शब्द बदलावा लागत नव्हता.

त्या याद्या मी टाकून दिल्या नव्हत्या. कॉलेजात लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून ठसा काढायला, शिकायला लागले तेव्हा कोरायला पहिल्यांदा त्याच घेतल्या.

लिनोवर अक्षर उलटं कोरावं लागतं, तरच ठसा सुलटा येतो. देवनागरीचा दंड डावीकडं जातो, कन्नडची वळणं पाठमोरी होतात. कोरताना दोन्ही लिप्या वाचता येत नाहीत, त्यामुळं अर्थ बाजूला राहतो आणि नुसता आकार दिसायला लागतो. देवनागरी वरच्या रेघेला धरून असते. जोडाक्षर करताना अर्धं अक्षर शेजारच्याला खेटून उभं राहतं. कन्नडला सलग शिरोरेषा नाही, अक्षराअक्षराला आपापला तलेकट्टू, म्हणजे डोक्यावरची छोटी खूण, असतो, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली उतरून बसतं. त्याला ते ओत्ताक्षर म्हणतात. म्हणजे मराठीच्या वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार यांना ओळीच्या वर जागा लागते, आणि कन्नडला ओळीच्या खाली ऐसपैस जागा लागते.

याचा खरा अर्थ मला कळला तो बेळगावातल्या एका जुन्या पेंटरकाका यांच्याकडं. फ्लेक्स यायच्या आधी त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, दोन्ही भाषांत. ते सांगत होते, मराठी वर आणि कानडी खाली अशी पाटी असली की मधला पट्टा शांत राहतो. कानडी वर आणि मराठी खाली घेतली की वरची ओत्ताक्षरं खाली येतात, खालच्या वेलांट्या-मात्रा वर जातात, आणि दोन्ही त्याच पट्ट्यात समोरासमोर येतात. नवखा पेंटर तिथं एकीचा पाय नाहीतर दुसरीचं डोकं कापतो. जाणता माणूस आधी तो पट्टा आखतो, मग अक्षरांची उंची ठरवतो.

माझं एक मोठं चित्र फक्त त्या पट्ट्याचं आहे. वरून ओत्ताक्षरं उतरलेली, खालून मात्रा आणि रफार वर आलेले, आणि ज्या अक्षरांना ते लागलेले आहेत ती अक्षरं कागदाच्या बाहेर. २०२४ साली कर्नाटकानं भाषेच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि नामफलकावर वरच्या बाजूला ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, त्यानंतर मी ते काढलं. खडेबाजारातून, गणपत गल्लीतून चालताना पाट्या एकामागोमाग बदलताना आपण सगळ्यांनीच पाहिल्या. माझ्या गावातल्या दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा किती टक्के असावी हे बेंगळुरूत ठरावं, हे मला मान्य नाही. तुमचा त्या कायद्यावरचा राग माझाही आहे, आणि तो त्या चित्रात आहे. पण तो राग दाखवायला मला कन्नड अक्षरं काढावीच लागतात. ती वगळली तर चित्रात नुसत्या मात्रा उरतील आणि बघणाऱ्याला काहीच कळणार नाही.

दुसरं एक चित्र जमिनीच्या उताऱ्यांचं आहे. पणजोबांच्या वेळचा कागद मोडीत, आजोबांच्या वेळचा बाळबोध मराठीत, आणि आताचा संगणकातून निघणारा कन्नडमध्ये. तिन्ही मी ट्रेसिंग पेपरवर हातानं उतरवून एकामागं एक टांगले, मागून दिवा लावला. शेत तेच, बांध तेच, नाव त्याच घराण्याचं. उजेडात तिन्ही लिप्या एकमेकींवर चढतात आणि मधोमध काही जागी नुसता काळा डाग होतो. आपल्या भागातला कुठलाही शेतकरी या चित्रापुढं थांबतो, कारण स्वतःच्या रानाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ त्याच्यावर आलेली असते. एखाद्या तालुक्यात १५ टक्के किंवा त्याहून जास्त लोक अल्पसंख्य भाषा बोलत असतील तर सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हायला हवेत, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात कधीच मान्य झालेलं आहे. मराठीतून परिपत्रकं द्या अशी निवेदनं तुम्ही वर्षानुवर्षं देत आला आहात. माझं चित्र त्या निवेदनांच्या बाजूनंच बोलतं.

आता भाषांतराबद्दल. माझ्या वडिलांकडची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, आणि आईकडची आजी कन्नडमधली बीसुकल्लिची, म्हणजे जात्यावरचीच, पदं. दोघींची गावं एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर, पण एकीचं गाणं दुसरीपर्यंत कधी पोचलं नाही. मी दोन्ही लिहून काढली आणि एकीचं दुसरीत आणायला बसले. बरंच आलं. भाऊ आला, माहेरची वाट आली, पीठ आलं. काही ओळी आल्याच नाहीत. तिथं ओढूनताणून दुसरं काही घालण्यापेक्षा मी कागद कोरा ठेवला. चित्र गोल आहे, जात्याच्या पाळूएवढं. बाहेरच्या फेरीत मराठी, शिरोरेषा वाकून पूर्ण वर्तुळ झालेली. आतल्या फेरीत कन्नड, ओत्ताक्षरांची टोकं मधल्या खुंटाकडं वळलेली. दोन्हींत अधूनमधून पांढऱ्या जागा, आणि त्या समोरासमोर येत नाहीत. मराठीत जे आलं नाही ते कन्नडमध्ये शाबूत आहे, कन्नडमध्ये जे आलं नाही ते मराठीत. हे चित्र बघायला लोकांना त्याच्याभोवती चालावं लागतं, म्हणून ते भिंतीवर न लावता जमिनीवर ठेवायचं आहे. त्याला थोडी मोकळी जागा लागेल.

माझ्या वर्गात असं काम करणारी मी एकटी नाही. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी असं वाढलेली मुलं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. ती चित्रं काढतात तेव्हा अक्षरं आपोआप चित्रात येतात. मग त्यांना विचारलं जातं की तू नक्की कुठली. हे फक्त आपल्याच बाजूला होतं असंही नाही. शहरातल्या एका प्रदर्शनात माझ्या चित्राखालची मराठी चिठ्ठी काढून तिथं फक्त कन्नड आणि इंग्रजी चिठ्ठी लावली गेली. विचारल्यावर उत्तर मिळालं, हे कर्नाटक आहे. तिथंही मी भांडले. तिथं मराठी चिठ्ठीसाठी भांडायचं आणि इथं कन्नड अक्षरांसाठी, असं झालंय, आणि दोन्हीकडचे लोक मला पलीकडची समजतात.

तुमच्या मनातली भीती मला खोटी वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेल्यावर इथल्या मराठी माणसानं जे सोसलं ते मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकलं. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला बाबा मला बेळगावला घेऊन जायचे. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधातल्या आंदोलनात गोळ्या झेललेल्यांचं स्मारक हिंडलग्यात आहे, तिथंही मी उभी राहिले आहे. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. संमेलनाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्याच्या खेपा घालणं, पाहुणे सीमेवर अडवले जातील का याची आदल्या रात्रीपर्यंत धास्ती बाळगणं, गावातून वर्गणी काढून जेवणावळ उठवणं, हे सगळं तुम्ही करता म्हणून आमच्यासारख्या खेड्यातल्या मुलींना लेखक प्रत्यक्ष बघायला मिळतो. मी पहिलं कविसंमेलन ऐकलं ते अशाच एका मांडवात, सतरंजीवर बसून. अशा मांडवात कन्नड अक्षर दिसलं तर "बघा, यांनी स्वतःच मान्य केलं" असं कुणीतरी म्हणेल, ही भीती रास्त आहे.

पण आदेशानं पाटीवर चढलेलं कन्नड आणि माझ्या आईनं स्वयंपाकघरात बसून लिहिलेलं कन्नड अक्षर, या दोन्हींना एकाच मापानं मोजलं तर त्यात आईच बाहेर जाते. तिची भाषा मराठी आहे. तिच्यासारख्या कितीतरी सुना या भागातल्या घरांत आहेत. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, हुक्केरीकडून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या आणि कन्नड लिहिणाऱ्या. संमेलनाला त्या येतात, पुढच्या रांगेत बसतात, ग्रंथदिंडीत डोक्यावर कलश घेतात. त्यांच्या हातचं मराठी मात्र संमेलनात कुठंच दिसत नाही, कारण ते आपण ज्याला मराठी अक्षर म्हणतो त्यात नाही.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी ओळ तुमच्याच व्यासपीठांवरून मी लहानपणापासून ऐकत आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर तर ती जागोजागी ऐकू आली. 'श्रीचावुण्डराजें करवियलें', म्हणजे चावुंडरायानं ही मूर्ती करवून घेतली, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच मूर्तीच्या पायाशी तीच गोष्ट कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरलेली आहे, हे व्यासपीठावरून क्वचितच सांगितलं जातं. चित्रकलेची विद्यार्थिनी म्हणून मला ती जागा आधी दिसते: एकच मूर्ती, एकच दगड, आणि नागरी लिपीतली मराठी ओळ आणि कन्नड ओळ एकाच नजरेच्या टप्प्यात. कोरवून घेणाऱ्यांनी शेजारच्या लिपीमुळं आपली लिपी उणी होते असं मानलं नाही. मराठीच्या जुनेपणाचा आपला सगळ्यांत लाडका पुरावा हा असा बहुभाषी दगड आहे, आणि तो कर्नाटकात आहे.

गाण्याच्या आणि नाटकाच्या बाबतीत आपण हे कधीच मान्य केलंय. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा, कन्नड घरातला. त्यांनी मराठी गायलं तेव्हा ते कुणाचे असं आपण विचारलं नाही. १८८० साली एका संस्कृत नाटकाला मराठी रूप देऊन संगीत रंगभूमी उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. चित्रकारांचीही आपल्याकडं परंपरा आहे. बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे घडले. आणि संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांना 'मंगल' हा फॉन्ट माहीत असतो. तो ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी कवी होते, सुलेखनकार होते, आणि 'तुंगा' हा कन्नड फॉन्टही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाला. एका मराठी कवीनं कन्नड अक्षराचं वळण तितक्याच मायेनं घासलं-पुसलं, याचा मला फार आधार वाटतो. तुमच्या एखाद्या सत्रात त्यांच्यावर कुणी बोललं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

आपल्या संमेलनांत मात्र चित्रकाराचं काम निमंत्रणपत्रिकेचं मुखपृष्ठ, व्यासपीठामागचा पडदा आणि प्रवेशद्वाराजवळची रांगोळी इथवर येऊन थांबतं. उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन, सगळं कानानं घ्यायचं. भाषेबद्दल डोळ्यांनी विचार करता येतो, याला तिथं जागा नाही. साहित्य संमेलनात चित्रं कशाला, असं कुणी म्हणेल. माझं काम भाषेबद्दलचंच आहे. ते चित्रकलेच्या दालनापेक्षा तुमच्या मांडवात जास्त कळेल, कारण त्यातला मोडी कागद, उतारा, यादी, ओवी हे सगळं बघणाऱ्यांच्या घरात आहे.

आणखी एक सुचवते. शाळकरी मुलांसाठी तुम्ही चित्रकला स्पर्धा घेत असाल तर एखाद्या वर्षी ठरावीक विषय बाजूला ठेवा. मुलांना सांगा, घरातल्या थोरल्या माणसाच्या हातचा लिहिलेला एक कागद आणा आणि त्यावरून चित्र करा. लिपी कुठलीही चालेल. जांबोटी-कणकुंबीकडची मुलं कोंकणी घेऊन येतील, कुणाच्या घरातून मोडी निघेल, कुणी उर्दू आणेल, कुणी माझ्या आईसारखं कन्नडमध्ये लिहिलेलं मराठी. आपल्या भागात मराठी कशी जगली आहे, हे सांगणारा असा संग्रह पुण्या-मुंबईच्या कुठल्याही संमेलनाला करता येणार नाही.

फोटोची काळजी असेल तर प्रत्येक चित्राशेजारी मी ठळक मराठीत चिठ्ठी लावेन: मजकूर कुठल्या भाषेतला, लिपी कुठली, हात कुणाचा. समितीतल्या कुणीही आधी येऊन सगळी चित्रं बघावीत, शंका विचाराव्यात. मी संमेलन संपेपर्यंत चित्रांजवळ थांबेन आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देईन. पत्रकारांनी विचारलं तर त्यांनाही मीच सांगेन. ती जबाबदारी तुमच्यावर टाकणार नाही. एवढं करूनही तुम्हाला नको वाटलं तर नाही म्हणा, पण कारण लिहून कळवा, म्हणजे त्यावर आपल्याला बोलता येईल.

भिंत म्हणजे पक्की भिंत हवी असं नाही. कनातीची एक बाजू, शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायतीच्या आवारातली आडोशाची जागा, काहीही चालेल. दोऱ्या, चिमटे, मागं लावायचं काळं कापड आणि उताऱ्यांमागचा दिवा मी आणेन. तुमच्याकडून विजेची एक जोडणी लागेल आणि गोल चित्रासाठी सावलीतली सपाट जमीन. मांडव घालणाऱ्यांना माप आधी द्यावं लागतं, म्हणून शक्य तितक्या लवकर निरोप द्यावा.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातली एक चित्रकला विद्यार्थिनी